वीतभर बर्फावरचे सहा दिवस आणि त्याआधीचे तीन महिने

मागच्या लॉगमधे क्रॉस कंट्री स्कीइंगचे दोन टार्गेट लिहिले होते. एक, रोलर स्कीवर (चाकं लावलेल्या, रस्त्यावर चालणाऱ्या स्की) नुसत्या डबल पोलिंगने, म्हणजे दोन्ही हातातल्या काठ्या (पोल) एकदम रेटत, १ तासात १३ किमी. दोन, फेब्रुवारी २०२५ मधे गुलमर्गला किमान ६ दिवस खऱ्या बर्फावर. पहिलं थोडक्यात राहिलं, १२.६ वर अडकलो. दुसरं झालं. पण ते कसं झालं हे जरा सविस्तर सांगायचंय, कारण यंदा तिकडे बर्फ नाही म्हणून आपल्यातल्या दोघातिघांनी तिकिटं कॅन्सल केली आणि मला मनापासून वाटतं की नव्हती करायला पाहिजे.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. क्रॉस कंट्री म्हणजे गोंडोलाने (रोपवेने) वर जाऊन उतारावरून सुसाट खाली यायचं ते नाही. बूट फक्त पुढच्या टोकाला अडकवलेला असतो, टाच मोकळी, पट्ट्या अरुंद आणि हलक्या, आणि सपाटीवर काय चढावर काय, आपल्याच पायाच्या आणि पोलच्या जोरावर जायचं. मी क्लासिक करतो, म्हणजे दोन समांतर चरांमधून सरळ. स्केटिंगवाले इंग्रजी व्ही सारखे पाय फाकवत जातात, ते मला अजून नीट जमत नाही.

आमच्या सावद्यात (जळगाव जिल्हा) बर्फ कुठून येणार, म्हणून वर्षाचे साडेअकरा महिने रोलर स्की. साधारण ७० सेंटिमीटरची दांडी, दोन्ही टोकांना एकेक चाक, त्यातल्या एका चाकात रॅचेट असतं म्हणजे ते मागे फिरत नाही, त्यामुळे पायाने मागे रेटा देता येतो. ब्रेक नाहीत. हे लक्षात ठेवूनच रस्ता निवडायचा. मी पहाटे ५.३० ला निघतो, साडेसातनंतर केळीच्या गाड्या सुरू होतात आणि मग धूळ, हॉर्न, काही अर्थ नाही. आमच्या बाजूला डांबर खडबडीत आहे, त्यामुळे पोलची कार्बाइडची टोकं आठवड्याभरात बोथट होतात आणि मग पोल घसरतो, खांदा दुखायला लागतो आणि आपल्याला वाटतं टेक्निक बिघडली. डायमंडची छोटी फाइल घ्या, दर रविवारी पाच मिनिटं द्या, फार फरक पडतो.

पोलच्या लांबीचंही यंदा कळलं. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे क्लासिकचा पोल बुटासकट उंचीच्या ८३ टक्क्यांपेक्षा लांब चालत नाही. माझी बुटासकट उंची १७४, म्हणजे १४४ पर्यंत, आणि मी दोन वर्षं १५० चे वापरत होतो. १४२.५ ला कापून घेतले. पहिला आठवडा एकदम बुटकं झाल्यासारखं वाटलं, मग कमरेतून वाकणं आपोआप बरोबर व्हायला लागलं.

डिसेंबरचा हिशोब: १७ दिवस, २१४ किमी. त्यात दोनदा पाल गावाकडचा घाटाचा चढ. वर जाताना स्की, खाली येताना मामेभावाच्या मोटरसायकलवर मागे बसून, पट्ट्या मांडीवर. उतारावर रोलर स्की घालायची नाही हे मी पक्कं ठरवलंय, कोणी कितीही म्हटलं तरी.

आता हवामानाचं, कारण यंदा सगळं त्याच्यावरच होतं. कश्मीरात बर्फ पडतो तो मुख्यतः वेस्टर्न डिस्टर्बन्समुळे, भूमध्य समुद्राकडून ओल घेऊन पश्चिमेकडून एकामागून एक येतात ती वादळं. आणि ती पुढे सरकली की उत्तरेकडून कोरडं गार वारं खाली सुटतं आणि दोनतीन दिवसात आमच्याकडे पारा घसरतो. म्हणजे तिकडे पांढरं झालं की इकडे केळीला चरका, थंडीचा फटका. हे मी गेली चार वर्षं अनुभवतोय आणि दरवेळी जिवाची घालमेल होते. डिसेंबरच्या मध्यात मळ्यातल्या थर्मामीटरवर ८ दिसलं, त्या रात्री भाऊ आणि मी बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करत बसलो, लाईट आली की ठिबक सुरू करायचं, पहाटेपर्यंत तेच. त्या आठवड्यात स्की शून्य. आणि मोबाईलवर मी तापमान बघतोय ते कशासाठी, केळीसाठी की गुलमर्गसाठी, हे घरच्यांना माहिती होतं, कोणी बोललं नाही. आई फक्त म्हणाली, "आधी घड सांभाळा, मग कुठं जायाचं तिथं जा."

डिसेंबर संपता संपता तिकडे एकदा चांगला बर्फ पडला. खूप आनंद झाला. मग जानेवारी जवळजवळ कोरडा. चिल्ले कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवस, तिकडचा सगळ्यात कडक थंडीचा काळ. बर्फ पडायचा तो याच दिवसांत, जो नंतर टिकतो. तेच दिवस कोरडे गेले. शेजारच्या मळ्यातल्या काकांनी सरळ विचारलं, "बर्फच नही त कशाले जाऊ राह्यला भो?" मी तेव्हा उत्तर दिलं नाही कारण माझ्याकडे नव्हतं. पण तिकीट ठेवलं.

भुसावळहून झेलम एक्सप्रेस. २०० सेंटिमीटरच्या पट्ट्या खालच्या सीटखाली तिरप्या घातल्या तरी टोकं वीतभर बाहेर राहतात, त्यावर सोलापुरी चादर गुंडाळली म्हणजे कोणाच्या पायाला लागत नाही. दीड दिवस. सोबत कळण्याच्या भाकरी, ठेचा, आणि केळी अर्थातच. जम्मूहून शेअर गाडीने बनिहाल, तिथून ट्रेनने श्रीनगर, पुढे टंगमर्ग आणि मग गुलमर्ग. टंगमर्गच्या वरचा घाट इतर वर्षी चेन लावल्याशिवाय चढू देत नाहीत, यंदा साध्या टायरवर गाडी वर गेली आणि तेव्हा खरंच पोटात खड्डा पडला.

वर पोचलो तर गोल्फ कोर्स अर्धा पिवळा. गुलमर्ग म्हणजे २,६५० मीटरवरची वाटी आहे, मधे मैदान, आणि ते मैदान म्हणजे इंग्रजांच्या काळापासूनचं गोल्फ कोर्स. क्रॉस कंट्रीच्या स्पर्धा तिथेच होतात. उताराचं स्कीइंग करणारे गोंडोलाने वर अफरवट शिखराकडे जात होते, वर बर्फ होता पण दगड उघडे, लोक तोंड पाडून परत येत होते.

आणि इथे मला ती गोष्ट समजली जी सगळ्यांना सांगायची आहे. उतारावर खाली दगड असतात, झुडपं असतात, ते झाकायला कंबरभर बर्फ लागतो. गोल्फ कोर्सवर खाली गवत आहे, कापलेलं, सपाट. तिथे अर्धी वीत ते वीतभर दाबलेला बर्फ आपल्याला पुरतो! आपली पट्टी हलकी, वेग कमी, खाली टोचायला काही नाही. कमी बर्फाच्या वर्षात क्रॉस कंट्रीवाल्याची सोय बाकी सगळ्यांपेक्षा चांगली होते. फक्त लांब रपेटीचा हट्ट सोडायचा.

ज्या चाचांकडे सोबतच्या मित्राने पट्ट्या भाड्याने घेतल्या (क्रॉस कंट्रीच्या फार कमी ठिकाणी मिळतात, बाकी सगळं उताराचं सामान) ते म्हणाले, "जनाब, उधर पेड़ के साये में देखो, सुबह आओ, दस बजे के बाद मत आना." दक्षिणेच्या कडेला, उत्तरेकडे तोंड असलेल्या बाजूला, फरच्या झाडांच्या सावलीत एक पट्टा टिकून होता. जीपीएसवर मोजला, फिरून ७०० मीटरची फेरी होत होती, मधे तीन ठिकाणी गवत. पहिल्या दिवशी संध्याकाळी जवळच्या एका बांधकामावरून दोन घमेली मागून आणली आणि झाडाखालचा बर्फ उचलून त्या तीन जागी टाकला, बुटांनी तुडवला, फळीने सारखा केला. दिवसा वरचा थर ओलसर होतो, रात्री गोठतो, सकाळी सिमेंटसारखा कडक. त्यावर आपल्याच पट्ट्यांनी चर पाडले. दोन तास लागले, हात बधिर, पण स्वतःचा ट्रॅक स्वतः घातल्याचं जे समाधान आहे ना, घरचा पहिला घड उतरवताना होतं तसंच.

फेऱ्या अशा: १२, १६, २०, २२, २४, २४. एकूण ११८, म्हणजे ८२.६ किमी. सगळ्या सकाळी साडेसात ते साडेदहा. त्यानंतर चिखल, तेव्हा सरळ बंद, नाहीतर दुसऱ्या दिवसाचा ट्रॅकही जातो.

आता टेक्निकचं, हा भाग नीट वाचा. क्लासिक पट्टीला मधे कमान असते. दोन्ही पायांवर सारखं वजन असेल तर कमानीखालचा भाग वर उचललेला राहतो आणि पट्टी पुढे घसरते. एका पायावर पूर्ण वजन टाकलं की कमान दबते, पकडीचा भाग बर्फाला टेकतो आणि रेटा देता येतो. सगळा खेळ वजन पूर्ण टाकण्याचा आणि वेळेवर टाकण्याचा. रोलर स्कीवर रॅचेट असतं, ते कधीही पकडतं, तुम्ही उशिरा रेटा द्या, अर्ध्या वजनाने द्या, चालतं. म्हणजे डिसेंबरचे २१४ किमी मी एक चुकीची सवय घट्ट करत होतो, रेटा उशिरा, पाय मागे गेल्यावर. बर्फावर पहिल्याच फेरीत पाय मागे सटकला. दुसऱ्या फेरीत पण. पहिल्या दिवशी मनगटावर पडलो, दोन दिवस बँडेज बांधून फिरलो.

लांब ट्रेल असता तर मी ते दुर्लक्षून पुढे गेलो असतो, खरं सांगतो. पण ७०० मीटरची फेरी, दर पाच मिनिटांनी तोच छोटा चढ, तीच ती फरची फांदी. तिसऱ्या दिवशी मी पोल काढून ठेवले आणि दहा फेऱ्या नुसत्या पायांवर केल्या, रेटा पाय शरीराच्या खाली असतानाच, नाक गुडघा पाऊल एका रेषेत. अकराव्या फेरीला तो चढ न सटकता गेलो. पाचव्या दिवशी पोलसकट आठ वेळा सलग. मित्राने व्हिडिओ काढलाय, जुन्याशी ताडून बघितला तर खरंच वेगळा माणूस वाटतो.

वॅक्सचं: माझ्या पट्ट्यांना स्किन आहे, म्हणजे पायाखाली बारीक केसांची पट्टी चिकटवलेली, ती बहुतेक हवेत चालते, पण सकाळच्या काचेसारख्या ट्रॅकवर कमी पकडते. मित्राच्या पट्ट्या वॅक्सच्या होत्या, म्हणजे पकडीसाठी तळाला चिकट वॅक्स लावावं लागतं, त्याला आम्ही क्लिस्टर हे पातळ चिकट वॅक्स लावलं, वितळून परत गोठलेल्या बर्फासाठी तेच लागतं. ट्यूबमधून काकवीसारखं येतं आणि एकदा हाताला लागलं की केळीच्या चिकाची आठवण होते, कपड्यावर गेलं तर गेलंच. पण पकड अशी की तो माझ्यापुढे निघून गेला. पुढच्या वर्षी मी पण वॅक्सवाली एक जुनी जोडी बघतोय. जुनी एवढ्यासाठी की पातळ बर्फात खडा लागतोच, माझ्या उजव्या पट्टीच्या तळाला बोटभर ओरखडा आलाय. घरी येऊन पीटेक्सची (पट्टीच्या तळाच्या प्लास्टिकची) कांडी पेटवून थेंब थेंब भरला, गार झाल्यावर पत्र्याने घासून सपाट केला. नवी महाग जोडी अशा वर्षी बाहेर काढायचीच नाही.

हे फक्त आपल्याकडेच नाही बरं का. स्वीडनची वासालोपेट, ९० किमीची, १९२२ पासून चालू आहे, ती पण १९३२, १९३४ आणि १९९० ला बर्फाअभावी रद्द झाली होती. आता तिकडे मशीनने बर्फ करतात. स्वित्झर्लंडमधे दावोसला तर हिवाळ्यातला बर्फ ढीग करून लाकडाच्या भुश्याखाली उन्हाळाभर झाकून ठेवतात आणि शरद ऋतूत तोच पसरून ट्रॅक करतात. हे वाचलं तेव्हा मला भुसावळच्या बाजारातल्या बर्फाच्या लाद्या आठवल्या, लहानपणी लग्नसराईत भुश्यात आणि गोणपाटात गुंडाळून आणायचो आम्ही. तीच युक्ती. गुलमर्गला त्या सावलीच्या पट्ट्यावर कोणी असा ढीग करून ठेवला तर डिसेंबरपासून एक किलोमीटरची फेरी नक्की मिळेल असं मला वाटतं, आणि ते व्हायला पाहिजे.

खेलो इंडियाच्या बर्फावरच्या स्पर्धा गुलमर्गला २२ फेब्रुवारीपासून व्हायच्या होत्या, बर्फ नाही म्हणून पुढे गेल्या. मग महिन्याच्या शेवटी दणकून पडला आणि ९ ते १२ मार्चला झाल्या. मी तेव्हा मळ्यात होतो. फोटो बघून हळहळ वाटली, नाही म्हणत नाही. त्या स्पर्धांमधे क्रॉस कंट्रीची पदकं घेणारी भवानी थेकडा नंजुंडा कर्नाटकातल्या कोडगूची आहे, तिथे कुठला आलाय बर्फ. तिचं नाव मी घरी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

मार्चपासून बदल एवढाच की आठवड्यातले दोन दिवस रोलर स्कीवर पोल नाहीत, आणि रॅचेटवर विश्वास ठेवायचा नाही, म्हणजे रेटा पाय खाली असतानाच द्यायचा, चाक पकडो न पकडो. वेग पडलाय, तासाला १०.९ वर आलोय, चालेल. काकांनी परवा परत विचारलं तेव्हा त्यांना व्हिडिओ दाखवला, त्यांनी तो तीनदा बघितला आणि म्हणाले पुढच्या वर्षी घमेलं आपलंच घेऊन जा.

रविवारी पहाटे ५.१५ ला निघतोय, पालच्या चढाला. दोन मोटरसायकली आहेत, म्हणजे खाली आणायला अजून एकाची सोय होईल. हेल्मेट, हातमोजे आणि कार्बाइडची टोकं घेऊन या, रबरी टोपणं त्या डांबरावर टिकत नाहीत.