फाटलेला बूट आणि पुढचा शाफ्ट

गेल्या सप्टेंबरात मंद्रूपजवळच्या आमच्या रानात पिकअप रुतली. दोन दिवसांच्या पावसाने काळी जमीन फुगली होती, टायरच्या नक्षीत चिखल गच्च बसला होता, आणि बांधाकडे वळण्यासाठी स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवून मी फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त ताकद देणाऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर दाबला, तेव्हा पुढच्या डाव्या चाकापाशी काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. त्यानंतर फोर-व्हील लावलेले असूनही फक्त मागची चाके जागच्या जागी फिरत राहिली. डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पुढच्या डिफरन्शिअलला लॉक नसेल, तर तिथून चाकापर्यंत जाणारा एका बाजूचा दांडा, म्हणजे शाफ्ट, तुटताच सगळी फिरकी त्या मोकळ्या बाजूने वाया जाते आणि चांगल्या बाजूच्या चाकालाही ओढ मिळत नाही. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने गाडी डांबरी रस्त्यापर्यंत ओढून काढली. शाफ्टचा मोडलेला सांधा फिरता फिरता अडकू शकतो, म्हणून ती चालवत न आणता दुसऱ्या वाहनावर चढवून सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या मिस्त्रींकडे आणली.

“मालक, वळताना कटकट आवाज कधीपासनं येतोय?” हा त्यांचा पहिला प्रश्न होता. आवाज जूनपासून येत होता आणि मी तो ऐकतही होतो. मूळ कारण मात्र त्याच्याही आधीचे होते. जानेवारीत तूर काढल्यावर पोती भरण्यासाठी गाडी त्याच रानात उतरवली होती. तुरीचे धसकट विळ्याने तिरपे कापलेले असते आणि वाळले की खिळ्यासारखे कडक होते. टायरला ते भोक पाडते हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, पण शाफ्टच्या सांध्यावरचा, ग्रीस आत धरून ठेवणारा रबरी बूट टायरपेक्षा कितीतरी पातळ असतो, याचा विचार सहसा कोणी करत नाही. बूट फाटला की फिरणारा शाफ्ट आतले ग्रीस बाहेर भिरकावतो आणि त्याच फटीतून माती व पाणी आत जाते. रिमच्या आतल्या बाजूला आणि खालच्या आर्मवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर तो बूट फाटल्याचाच पुरावा समजावा.

बुटाच्या आतल्या या सांध्याची रचना नीट समजली, म्हणजे एवढीशी चीर इतकी महाग का पडते ते कळते. अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्याने जोडलेल्या साध्या क्रॉसच्या सांध्यात कोन वाढला की प्रत्येक फेऱ्यात वेग दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. वळणाऱ्या चाकाला ते चालत नाही. अल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने १९२६ मध्ये शोधलेल्या सांध्यात सहा पोलादी गोळ्या एका पिंजऱ्यात बसवलेल्या असतात आणि त्या नेहमी दोन्ही दांड्यांमधला कोन बरोबर दुभागणाऱ्या प्रतलात राहतात, त्यामुळे चाक कितीही वळले तरी फिरण्याचा वेग समान राहतो. मात्र स्टिअरिंग पूर्ण वळलेले असताना सगळ्या गोळ्यांवर भार सारखा येत नाही. अशा वेळी फोर-लोची ताकद दिली आणि गोळ्या ज्यांत फिरतात त्या खाचा आधीच मातीने खाल्लेल्या असल्या, की पिंजरा तडकतो. आमच्या सांध्याचा बूट कापून उघडला तेव्हा आतले ग्रीस तपकिरी झालेले होते आणि बोटांत चोळल्यावर वाळूसारखे करकरत होते. पिंजऱ्याचे दोन तुकडे झाले होते आणि एका गोळीवर नखाला लागेल असा खड्डा पडला होता.

काम सुरू करताना गाडी जमिनीवर असतानाच, मागच्या चाकांना दगड लावून आणि ब्रेक दाबून धरून चाकाच्या मधला, शाफ्ट हबला (चाक ज्यावर बसते त्या भागाला) आवळणारा मोठा नट सैल केला. तो फिरू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन गंजली होती. ती काढण्यातच अर्धा तास गेला. मग गाडी उचलून घोडीवर, म्हणजे आधाराच्या स्टँडवर, ठेवली. ब्रेकचा कॅलिपर त्याच्या पाइपवर लोंबकळत न ठेवता तारेने वर बांधला, एबीएसची (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर मोकळी केली, चाक वळवणारा टाय रॉड आणि चाकाला वरच्या आर्मशी जोडणारा बॉल जॉइंट सोडवला. हबमधून शाफ्ट बाहेर ढकलताना मिस्त्रींनी नट आट्यांच्या टोकापर्यंत परत फिरवला आणि मध्ये लाकडाचा तुकडा धरून हातोडा मारला. थेट टोकावर मारले असते, तर शाफ्टचे टोक पसरून तो हबमध्येच अडकला असता. आतले टोक डिफरन्शिअलमधून पहारीने उचकटले, तेव्हा खाली ठेवलेल्या पाटीत गिअर ऑइल आले. ते दुधाळ झालेले नव्हते, म्हणजे तिथे पाणी शिरलेले नव्हते.

नवा शाफ्ट घेताना जुना सोबत नेलाच पाहिजे. डाव्या आणि उजव्या शाफ्टची लांबी बहुतेक गाड्यांत वेगळी असते, आणि दोन्ही टोकांचे दाते मोजून, एबीएसची रिंग आहे का ते पाहूनच पैसे द्यावेत. फक्त बाहेरचा सांधा बदलूनही भागले असते, पण आतल्या सांध्यालाही झोल आला होता, म्हणून मी पूर्ण शाफ्ट घेतला.

बसवताना ऑइल सील नवे घातले, त्याच्या ओठावर तेलाचे बोट फिरवले आणि शाफ्टचे दाते त्या ओठाला घासणार नाहीत असा तो सरळ आत नेला. शाफ्ट आत अडकवून धरणाऱ्या नव्या सर्क्लिपने (कडीने) जागा घेतल्याचा टक असा आवाज आला, तरीही शाफ्ट हाताने ओढून खात्री केली. मोठ्या नटाच्या बाबतीत मी आग्रह धरला आणि ठरलेल्या जोराने आवळता येणारा टॉर्क पाना मागवून घेतला. अशा गाड्यांत चाकाचे बेअरिंग आवळून धरण्याचे काम हाच नट करतो. म्हणूनच शाफ्ट काढून टाकून गाडी चालवत नेणे धोक्याचे असते. हा टॉर्क बहुधा २०० न्यूटन-मीटरच्या पुढे असतो, पण नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. शेवटी नवी स्प्लिट पिन घातली, गिअर ऑइल भरले आणि अलाइनमेंट करून घेतले.

गाडी घोडीवर होती तोवर उजव्या बाजूचा बूटही तपासला. वरून तो धडधाकट दिसत होता, पण हाताने ताणल्यावर दोन घड्यांच्या मध्ये नखाएवढी चीर उघडली. आतले ग्रीस अजून काळे आणि मऊ होते. त्या बाजूला फक्त बूट, पट्ट्या आणि ग्रीस बदलावे लागले.