व्हीलचेअर घेऊन पुण्याहून गणपतीपुळ्याला: कुठे थांबावं, कुठे अजिबात नाही

निकाल आधी सांगते. मूल स्वतःच्या बळावर बसू शकत नसेल तर कोकणात उतरायला कुंभार्ली घाट धरू नका. कोल्हापूरला मुक्काम करा आणि आंबा घाटाने उतरा. किलोमीटर वाढतात, वाढू द्या.

आमची लेक 11 वर्षांची. सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर ताबा राहत नाही), वजन 28 किलो. मान सावरते, धड सावरत नाही, त्यामुळे गाडीत पट्ट्याबरोबर दोन्ही बाजूंनी उशा लागतात. मऊ जेवण, फिटच्या गोळ्या, डायपर. घरी असं मूल असेल तर बाकीचं सामान तुम्हाला पाठ असेलच, ते लिहीत नाही.

पुण्याहून जाताना उंब्रजला महामार्ग सोडला की मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, मग घाट आणि खाली चिपळूण. अंतर कमी म्हणून नकाशा हाच रस्ता पुढे करतो. ओळखीतल्या दोघांनीही छातीठोकपणे सांगितलं होतं की रस्ता आता मस्त झालाय. त्यांची मुलं खड्डा आला की समोरची सीट धरतात. आमच्या लेकीला ते जमत नाही, आणि सगळा फरक तिथेच पडतो. पाटणच्या पुढे आम्हाला सलग रस्ता मिळालाच नाही. थोडं नवं काँक्रीट, की लगेच खाली खडीत, की पुन्हा वर. प्रत्येक उतारावर तिचं डोकं पुढे जायचं. मी चालवत होते आणि तिचे बाबा मागे दोन्ही हातांनी तिची मान धरून बसले होते. धक्क्याने तिच्या पायांचे स्नायू आखडतात आणि एकदा आखडले की लवकर सुटत नाहीत. तिला धड रडताही येत नाही, नुसती लालबुंद होते. थांबावं तर तिला आडवं करता येईल अशी एक जागा मला पाटण ते अलोरे दिसली नाही. शेवटी घाटात रस्त्याची जरा रुंद कड बघून गाडी बाजूला घेतली, मागची सीट पाडली आणि तिथे तिचे पाय चोळत बसलो. शेजारून ट्रक जात होते. हे लिहिताना अजून हात कापतात.

थांबा निवडताना ‘तिथे बघायला काय आहे’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न: डायपर बदलायला मुलाला आडवं कुठे करणार? बाळांसाठी भिंतीला लावलेल्या फळीवर 28 किलोची मुलगी झोपत नाही. महामार्गावर ‘दिव्यांग स्वच्छतागृह’ अशी पाटी दिसली तरी हुरळून जाऊ नका. आम्हाला एका ठिकाणी कुलूप मिळालं, दुसरीकडे आत बादल्या आणि झाडू रचलेले. किल्ली मागा आणि ती येईपर्यंत हलू नका, कारण ती सोय तुमच्याच मुलासाठी आहे. पण तिच्या भरवशावर वेळ आखू नका. आम्हाला खरी मदत झाली ती मंगल कार्यालयाची. लग्नाची तिथी नसेल तर ती रिकामी असतात. रखवालदाराला नीट सांगितलं तर वधूपक्षाची खोली उघडून देतो. गादी, पंखा, दार लावायची सोय आणि पाणी. आम्ही दिलेले पैसे त्याने घेतले नाहीत. दुसरा पर्याय म्हणजे गावातला छोटा दवाखाना. तपासणीच्या टेबलावर दहा मिनिटं द्या म्हटलं तर आम्हाला कुणी नाही म्हटलं नाही. ढाब्यावर मात्र जाऊ नका. बाजेवर बदलायला घेतलं की चार माणसं येऊन ‘काय झालंय हो हिला, जन्मापासून का?’ म्हणून विचारतात, आणि ती सगळं ऐकत असते.

आता मुक्कामाचं. फोनवर विचारलं होतं, पायऱ्या किती? ‘एकच, छोटी.’ प्रत्यक्षात पाच, वर बाथरूमला वीतभर उंबरठा, आणि बाथरूमचं दार इतकं अरुंद की खुर्ची आत जाईना. शिवाय तळमजल्याची ‘खास खोली’ म्हणून रात्रीचे 800 रुपये जास्त लावले. ती आमच्या दोघांच्या मध्ये झोपते, तरी वेगळ्या गादीचे पैसे आणखी. भांडले, गादीचे परत घेतले, 800 गेले. याला मी लूट म्हणते.

म्हणून फोनवर ‘व्हीलचेअर चालेल का’ हे विचारूच नका, सगळे हो म्हणतात. व्हिडिओ कॉल करा आणि बाथरूमच्या दाराला टेप लावून दाखवायला सांगा. साधी व्हीलचेअर 60 ते 65 सेंटीमीटर रुंद असते. शासकीय मार्गदर्शक तत्त्वांत दार 90 सेंटीमीटरचं असावं असं म्हटलंय. लॉजच्या बाथरूमला बहुतेक ठिकाणी दोन-सव्वादोन फूट मिळतात, म्हणजे खुर्ची बाहेर आणि लेक उचलून आत. रॅम्प आहे म्हणाले तर लांबी विचारा. एक फूट चढायला बारा फूट लांब हवा. चार फुटांची फळी टाकलेली असेल तर तो रॅम्प नव्हे.

आणि कौलारू कोकणी घरातला घरगुती मुक्काम, ज्याचं सगळे कौतुक करतात, तो आपल्यासाठी नाही. तिथल्या पावसामुळे जोतं उंच असतं, पडवीपर्यंतच तीन-चार पायऱ्या, आणि अंगणात चिरे बसवलेले असतील तर चाकं खडखडत जातात. माणसं फार चांगली, पण पाठ आपली जाते.

समुद्राचं मात्र नीट ऐका, कारण ते जमलं आणि फार सुंदर जमलं. कोरड्या वाळूत पुढची लहान चाकं रुततात. खुर्ची उलटी करून मागे ओढत न्या, आणि ओहोटीची वेळ गाठा. ओली वाळू घट्ट असते, तिच्यावर खुर्ची सरळ चालते. किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी बाराला, भर उन्हात. पौर्णिमेला किंवा अमावस्येला भरती सव्वाअकराच्या आसपास, म्हणजे पूर्ण ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. तारीख यावरूनच ठरवा. पाण्यात पावलं भिजवण्यापुरतंच जा, गणपतीपुळ्याचा समुद्र धोकादायक आहे. पहिली लाट पायावर आली तेव्हा तिने जो आवाज काढला तो मी आजवर ऐकला नव्हता. वाळूत उतरवणं शक्य नसेल तर गणपतीपुळे–रत्नागिरी किनारी रस्त्यावर आरे-वारेला थांबा. तिथे समुद्र गाडीच्या काचेतूनही पूर्ण दिसतो.

रत्नागिरीतले दिवस निवांत गेले. रत्नदुर्ग किल्ल्याच्या पायऱ्यांच्या वाटेला जाऊ नका.

परत येताना हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढलो. रुंदीकरणाची कामं चालू होती, धूळ पुष्कळ, काचा बंद ठेवाव्या लागल्या. तरी तिची मान एकदाही धरावी लागली नाही.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, दाखवलं की टोल माफ होतो, हे आम्हालाही सांगितलं गेलं होतं. साध्या गाडीला ते लागू नाही. राष्ट्रीय महामार्गावरची ती सूट दिव्यांग व्यक्तीसाठी खास बनवलेल्या वाहनाला आहे. टोलनाक्यावर वाद घालून मुलाला उन्हात ठेवू नका. राष्ट्रीय महामार्गावर गाडी अडली तर 1033 ला फोन करा. चिपळूणजवळ असताना दवाखान्याची गरज पडली तर सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे, ते नकाशात आधीच खूण करून ठेवा. औषधं डिकीत नाही, पायाशी सावलीत.

गणपतीच्या आधीचा आठवडा आणि मे महिन्यातले शनिवार-रविवार टाळा. मुंबई-गोवा रस्ता तेव्हा गावी निघालेल्यांनी भरलेला असतो, आणि अडकलेल्या गाडीत अशा मुलाला दोन तासांवर बसवता येत नाही.