मांडवीत गेलेला फोन

फेरीबोटीत वरच्या खिशात फोन ठेवू नकोस, हे आईनं मला किती वेळा सांगितलं असेल. चोडणहून निघालेली फेरी रायबंदरच्या धक्क्याला लागत होती, मी स्कूटरचा स्टँड काढायला वाकलो आणि फोन लोखंडी पत्र्यावर एकदा आपटून थेट मांडवीत. शेजारचा म्हणाला, "गेलो मरे तो!" एवढंच.

फोनचं दुःख तासाभरात ओसरलं. त्याच दुपारी पणजीत ओळखपत्र दाखवून त्याच नंबरचं नवं सिम घेतलं, ताईच्या घरून जुना फोन आणला आणि म्हटलं, झालं. पण ओटीपी काही येईना. दुकानातला मुलगा शांतपणे म्हणाला, सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद असतात, दूरसंचार खात्याचा नियमच आहे. मी चिडलो. मग कळलं, दुसऱ्याच्या नावावर सिम काढून बँक खाती धुणारे असतात, आणि खऱ्या मालकाला सावध व्हायला तेवढाच अवधी मिळतो. राग गेला, ओटीपी मात्र दुसऱ्या दिवशीच आला.

खरा घोळ ईमेलचा. पासवर्ड मला माहीतच नव्हता, तो फोनला माहीत होता. जुना घालून पाहिला तर पडद्यावर उत्तर: हा पासवर्ड सात महिन्यांपूर्वी बदलला आहे. कुणी बदलला? मीच! लॉगिनला पासवर्डनंतर लागणारे, दर तीस सेकंदांनी बदलणारे सहा आकडे दाखवणारं ॲपही त्याच फोनमध्ये. ते आकडे सिमवर येत नाहीत. पहिल्यांदा क्यूआर स्कॅन करताना फोनमध्ये एक गुप्त किल्ली साठते, आणि ती किल्ली व घड्याळ यांवरून ॲप आकडे काढतं. म्हणून नेट नसतानाही ते चालतं, आणि म्हणूनच नव्या सिमबरोबर परत येत नाही. अडीअडचणीसाठी दिलेले दहा बॅकअप कोड होते की! त्यांचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. कुठे, ते सांगायला नको.

आणि त्या ईमेलच्या ड्राइव्हमध्ये आमच्या जत्रेच्या नाटकाचा तिसरा अंक, दिग्दर्शकानं केलेल्या सगळ्या काटछाटीसह. मंडळी चार दिवस दोनच अंकांची तालीम करत होती. नायिका तर रोज विचारायची, "शेवटी मी मरते की नाही, ते तरी सांगा."

ऑफिसच्या संगणकावरून खातं परत मिळवायला गेलो, तर "तुम्हीच आहात याची खात्री पटत नाही". पाच-सहा वेळा तेच. पुन्हा पुन्हा ठोकत बसणं ही माझी चूक. एका मित्रानं सुचवलं, पूर्वी जिथून लॉगिन केलं होतंस तिथेच जाऊन बस, ओळखीचं यंत्र आणि ओळखीचं नेट लागतं. तसा एकच संगणक होता, फोंड्याला ताईकडे. भाच्याचा प्रवेश अर्ज मी त्यावर भरला होता. तिथून अर्ज केला, नंबरवर ओटीपी आला, तरी ईमेलवाले "थांबा" म्हणाले. तिसऱ्या दिवशी ताईच्या ईमेलवर लिंक आली. रिकव्हरीला, म्हणजे खातं परत मिळवायला, तिचा पत्ता देणं ही मी आयुष्यात केलेली एकमेव शहाणी गोष्ट. नशीब, माझाच दुसरा पत्ता दिला नव्हता! त्याचे सहा आकडेही त्याच बुडालेल्या फोनमधल्या ॲपमध्ये. घराची किल्ली कपाटात आणि कपाटाची घरात.

आत शिरल्यावर आधी बुडालेल्या फोनचं लॉगिन काढलं, ॲप नव्यानं जोडलं, सगळे पासवर्ड सांभाळणारं ॲप, म्हणजे पासवर्ड मॅनेजर, घेतला. त्याचा एकच लांबलचक पासवर्ड पाठ करायचा. मी आमच्या नाटकातलं एक वाक्य मोडून-तोडून वापरलंय, कुठलं ते नायिकेलाही सांगितलेलं नाही. नवे बॅकअप कोड मात्र कागदावर. एक प्रत घरी जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याबरोबर, दुसरी पाकिटात घालून ताईकडे.

परवा भावोजींचा फोन. पाकीट उघडलं होतं. "आठ-आठ आकडे, दहा ओळी. मटक्याचे काय रे? कुठला लावू?"