जाताना दहा तास, येताना साडेआठ

सोलापूरची गड्डा यात्रा आटोपली आणि आईला घेऊन ताईकडे लंडनला निघाले. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये रात्र गेली, पहाटे दादर, तिथून टॅक्सीने विमानतळ. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते सीटसमोरच्या छोट्या पडद्याबद्दल.

तिकिटावर होतं मुंबई दुपारी दीड, लंडन संध्याकाळी सहा. आईने साधा हिशेब केला होता, साडेचार तास. पण या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या, आणि हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. गुडघ्यांनी बेजार झालेल्या बाईला दहा तास खुर्चीत काढायचेत, हे आयत्या वेळी कळणं बरोबर नाही. निघण्या-पोचण्याच्या वेळा छापतात तितक्याच ठळक अक्षरांत एकूण तासही छापायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.

विमान खच्चून भरलेलं. दिलेलं ब्लँकेट इतकं पातळ, की आईने सरळ पिशवीतली सोलापुरी चादर काढून पायांवर घेतली. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी निघाल्यावर पलीकडच्या सीटवरच्या गृहस्थांनीही हात पुढे केला. कर्मचारी मुलगी मात्र गुणाची, न मागता दोनदा आईला गरम पाणी आणून दिलं.

आईची नजर पडद्यावरून हलेना. उंची अकरा किलोमीटर, वेग ताशी 740. "अगं, नऊशेनं जातंय म्हणालीस ना?"

नऊशेच होता, पण भोवतालच्या हवेच्या तुलनेत. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वाऱ्याचा जोरदार प्रवाह असतो, हिवाळ्यात तो आणखी जोर धरतो, म्हणजे वेग वाढतो. आम्ही त्याच्या तोंडावर निघालेलो. वारा ताशी दीडशेने समोरून आला की जमिनीवरचं अंतर तेवढंच कमी कापलं जातं. मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किमी, तेही पृथ्वीच्या गोलाईवरची सर्वांत जवळची रेघ धरून. ती रेघ युक्रेनवरून जाते आणि 24 फेब्रुवारी 2022 पासून ते आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. आमचं विमान तुर्कस्तान, काळा समुद्र असं खालून वळसा घालत गेलं. दोन विमानतळांमधलं अंतर आणि वेळ सांगणाऱ्या बऱ्याच साइट ठरावीक वेगाने भागाकार करतात आणि जाण्या-येण्याचा एकच आकडा देतात. वारा आणि वळसा दोन्ही त्यात नाहीत.

लंडनचे दिवस नातवंडांत कधी संपले कळलंच नाही.

परतीचं विमान रात्री नऊचं, मुंबईत सकाळी अकरा. तिकीट बघून वाटावं चौदा तास, प्रत्यक्षात साडेआठ! मध्यरात्री आईने मला हलवून उठवलं. पडद्यावर 1,060. "आता वारं पाठीशी आलं की गं," ती म्हणाली, आणि मला इतका आनंद झाला की झोप गेल्याचं काहीच वाटलं नाही. दुपारची वंदे भारत मिळाली, रात्री आम्ही सोलापुरात होतो.

आई-वडिलांना हिवाळ्यात युरोपला नेणार असाल तर जातानाच्या विमानात आइल सीटसाठी चार पैसे जास्त मोजा. उठून चार पावलं चालायची गरज जातानाच जास्त लागते.