नव्वद टक्के, नऊ गुण, शंभर कोटी: सिनेमाच्या गाजावाजातले आकडे कसे वाचायचे

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठी प्रेक्षकांना वादासाठी दोन उत्तम सिनेमे एका आठवड्याच्या अंतराने मिळाले. १२ तारखेला ‘दशावतार’ लागला. कोकणातली लोककला, जंगल आणि ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर. १९ तारखेला ‘साबर बोंडं’ आला. रोहन परशुराम कानवडेचा हा सिनेमा त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक घेऊन आला होता. वडिलांच्या सुतकाचे दहा दिवस पाळायला गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या यांची ही गोष्ट. पहिल्याच्या बाजूने लोक हाउसफुल्ल शो आणि बुक माय शोवरचे गुण पुढे करत होते, दुसऱ्याच्या बाजूने पारितोषिक आणि परदेशी परीक्षणं. दोन्हीकडचे आकडे खरे, आणि तरी वाद जागचा हलत नव्हता, कारण एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नापुढे ठेवलं जात होतं. कुठला आकडा काय मोजतो हे माहीत असेल तर निम्मी भांडणं सुरूच होणार नाहीत, आणि उरलेली निम्मी खऱ्या अर्थाने सिनेमाबद्दल होतील.

सर्वात जास्त गैरसमज समीक्षकांची परीक्षणं एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाच्या टक्क्यांबद्दल आहे. तिथले ९० टक्के म्हणजे शंभरपैकी नव्वद गुण नव्हेत. किती टक्के समीक्षकांचं परीक्षण एकंदरीत अनुकूल होतं, एवढंच तो आकडा सांगतो. हिशेब करून बघा. दहा समीक्षकांनी एखाद्या सिनेमाला दहापैकी प्रत्येकी सहा गुण दिले, म्हणजे ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’, तर टक्के शंभर. दुसऱ्या सिनेमाला सात जणांनी नऊ-नऊ गुण दिले आणि तिघांनी तीन-तीन, तर टक्के सत्तर. सरासरी मात्र पहिल्याची ६ आणि दुसऱ्याची ७.२. ज्या सिनेमावर माणसं जीव टाकतात आणि ज्याचा काहींना मनापासून राग येतो, तो या पद्धतीत नेहमी खाली दिसतो. कुणालाच न खटकणारा, गुळगुळीत सिनेमा वर चढतो.

म्हणून टक्क्यांवर क्लिक करून दोन गोष्टी पाहाव्यात: सरासरी गुण आणि एकूण परीक्षणं. ६० टक्क्यांना सिनेमा ‘फ्रेश’, म्हणजे तिथल्या भाषेत चांगला, ठरतो. ‘सर्टिफाइड फ्रेश’ शिक्क्यासाठी ७५ टक्के टिकावे लागतात, शिवाय मोठ्या प्रदर्शनाला किमान ८० आणि मर्यादित प्रदर्शनाला ४० परीक्षणं लागतात. भारतीय सिनेमांच्या बाबतीत परीक्षणांची संख्या हाच कळीचा मुद्दा आहे. आठ परीक्षणांवरचे शंभर टक्के नवव्या, प्रतिकूल परीक्षणाने ८९ वर येतात. त्यातून महोत्सवात लागलेल्या सिनेमाची पहिली परीक्षणं त्याच प्रकारच्या सिनेमाची आवड असलेल्यांची असतात. सिनेमा सर्वत्र लागला की टक्के थोडे उतरतात. त्यात कटकारस्थान शोधू नये, लिहिणाऱ्यांचा घोळका बदललेला असतो.

मेटाक्रिटिक या तशाच दुसऱ्या संकेतस्थळाची पद्धत याहून बरी वाटते. तिथे भारित सरासरी काढतात, म्हणजे काही प्रकाशनांच्या गुणांना जास्त वजन देतात. शंभरपैकी ६१ पासून पुढे हिरवा रंग, ४० ते ६० पिवळा, त्याखाली लाल. पण कुठल्या प्रकाशनाला किती वजन ते जाहीर नसतं, आणि गुण न देणाऱ्या परीक्षणाचे गुण त्यांचे कर्मचारी वाचून ठरवतात. चार परीक्षणं जमल्याशिवाय गुणांक लागत नाही, त्यामुळे बहुतेक मराठी सिनेमे तिथे सापडतच नाहीत.

आयएमडीबीवर प्रेक्षकांच्या मतांतून दिसणारा आकडाही साधी सरासरी नसतो, तिथेही वजनं लावलेली असतात. आकडा सोडून मतांची विभागणी उघडावी. निरोगी सिनेमाची मतं सहा, सात, आठच्या आसपास फुगतात आणि दोन्ही टोकांना कमी होतात. दहावर डोंगर आणि एकावर दुसरा डोंगर, मधे सपाट, असं चित्र दिसलं तर मतदान सिनेमावर न होता नटावर, जातीवर, राजकारणावर किंवा दोन चाहतेगटांच्या भांडणावर झालंय असं समजावं. तिथल्या अव्वल २५० च्या यादीत यायला किमान २५,००० मतं लागतात. मराठी सिनेमाच्या ९.१ खाली तीनशे मतं असतील, तर त्यातली कितीतरी युनिटच्या ओळखीपाळखीतली असू शकतात. त्या आकड्यावरून अजून काहीच म्हणता येत नाही.

बुक माय शोचे गुण जवळपास सगळ्याच सिनेमांचे आठ-नऊच्या घरात का असतात? तिथे मत देणारा बहुतेक वेळा स्वतः निवडून, पैसे मोजून गेलेला असतो, आणि पहिल्या दोन दिवसांत तर चाहतेच असतात. तेव्हा तिथली पट्टी दहाची धरूच नये. माझ्या मते ती साडेसातपासून सुरू होते, आणि ८.२ व ९.२ मधलं अंतर बरंच मोठं आहे. प्रतिक्रियांमध्ये तिथूनच तिकीट काढल्याची खूण असलेल्या आधी वाचाव्यात. सोमवारनंतरच्या प्रतिक्रिया शुक्रवारच्या प्रतिक्रियांपेक्षा कितीतरी कामाच्या असतात.

आता महोत्सव. ‘बारा मिनिटं उभं राहून टाळ्या’ या बातमीला काडीचीही किंमत देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. त्या खेळाला दिग्दर्शक आणि कलाकार सभागृहातच बसलेले असतात, अनेक प्रेक्षक निमंत्रित असतात, कॅमेरा एकेका चेहऱ्यावर फिरत राहतो, आणि कलाकार उभे असेपर्यंत टाळ्या थांबवणं कुणाला बरं दिसत नाही. घड्याळ कधी सुरू करायचं याचा नियम नसल्याने एकाच खेळाची मिनिटं दोन वार्ताहर वेगवेगळी देतात. २०२४ मध्ये ‘जोकर’चा दुसरा भाग व्हेनिस महोत्सवात दहा मिनिटांहून अधिक टाळ्यांच्या बातम्या घेऊन निघाला. अमेरिकेत पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांची पाहणी करणाऱ्या सिनेमास्कोअरने त्याला ‘डी’ श्रेणी दिली. त्या पाहणीत ‘बी’ म्हणजेसुद्धा नाराजी समजतात, कारण पहिल्या रात्री येणारा प्रेक्षक हौसेने आलेला असतो.

पारितोषिक ही टाळ्यांपेक्षा ठोस गोष्ट आहे, पण विभाग बघायला हवा. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ला २०१४ मध्ये व्हेनिसला ओरिझोंती या मुख्य स्पर्धेबाहेरच्या विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, शिवाय पदार्पणासाठीचा ‘लायन ऑफ द फ्यूचर’. त्याचाच ‘द डिसायपल’ २०२० मध्ये मुख्य स्पर्धेत होता आणि पटकथेचं पारितोषिक घेऊन आला. दोन्ही मोठे मान, पण वेगळ्या मैदानांवरचे. पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला २०२४ मध्ये कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत ग्राँ प्री मिळालं, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान. त्याच वर्षी ऑस्करसाठी भारतातून ‘लापता लेडीज’ गेला आणि समाजमाध्यमांवर रणकंदन झालं. दोन निवड समित्यांना दोन वेगळे सिनेमे योग्य वाटले, यात मला घोटाळा दिसत नाही.

पोस्टरवर ‘कान’ दिसलं की मात्र एक प्रश्न विचारायचाच: महोत्सवात की बाजारात? कानला महोत्सवाबरोबर ‘मार्शे दु फिल्म’ नावाचा बाजार भरतो. तिथे पैसे भरून पडदा घेता येतो आणि वितरकांना सिनेमा दाखवता येतो. महाराष्ट्र शासनही मराठी सिनेमे त्या बाजारात पाठवत आलं आहे, आणि ते चांगलंच काम आहे. पण बाजारातला खेळ म्हणजे महोत्सवाची निवड नव्हे. निवड झाली असेल तर पोस्टरवर विभागाचं नाव असतं.

पोस्टरवरच्या अवतरणांबद्दल थोडं. २००१ मध्ये उघड झालं की सोनीच्या जाहिरातींत स्तुती करणारा डेव्हिड मॅनिंग हा समीक्षक अस्तित्वातच नव्हता. २०२४ मध्ये ‘मेगालोपोलिस’च्या ट्रेलरमध्ये जुन्या नामवंत समीक्षकांच्या तोंडी खोटी वाक्यं घातल्याचं निघालं, वितरकाला ट्रेलर मागे घेऊन माफी मागावी लागली. तेव्हा स्तुतीखाली नाव आणि प्रकाशन दोन्ही हवं. अवतरणात टिंबं असली तर मूळ परीक्षण उघडून टिंबांच्या जागी काय होतं ते वाचावं.

आणि मग कोटी. इथे आपण सगळेच सैल बोलतो. समजा तिकीट २३६ रुपयांचं आहे. त्यातले ३६ रुपये १८ टक्के जीएसटी. २३६ हा ग्रॉस, २०० हा नेट. २००९ च्या निर्माते-मल्टिप्लेक्स संघर्षानंतर ठरलेल्या सूत्रानुसार पहिल्या आठवड्यात नेटचा ५० टक्के वाटा वितरकाकडे जातो, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. म्हणजे त्याच तिकिटातून पहिल्या आठवड्यात शंभर रुपये मिळतात आणि चौथ्यात साठ. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर कर पूर्वी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. एकपडदा थिएटरांचे व्यवहार आणखी वेगळे. थोडक्यात, ‘शंभर कोटी’ जर ग्रॉस असतील, तर १८ टक्के कर धरता नेट साधारण ८५ आणि वितरकाच्या हाती त्याचा निम्म्याहून कमी भाग. प्रचार-प्रसिद्धीचा खर्च अजून वजा व्हायचाय. पोस्टरवर बहुधा जगभरचा ग्रॉस छापतात, चर्चेत त्याची तुलना दुसऱ्या सिनेमाच्या भारतातल्या नेटशी होते, आणि तिथून पुढचा सगळा वाद फुकट जातो.

पहिल्या दिवसाचा आकडा प्रसिद्धीचं यश सांगतो. सिनेमा लोकांना आवडला का, हे सोमवार सांगतो. शुक्रवारच्या निम्म्याच्या वर सोमवार राहिला तर माउथ पब्लिसिटी चालू आहे. दुसरा शनिवार-रविवार पहिल्याच्या पुढे गेला तर शंकाच नको. २०२३ मध्ये ‘ट्वेल्थ फेल’ असाच दुसऱ्या आठवड्यात चढला. ‘तुंबाड’चं उदाहरण याहून विलक्षण आहे: ऑक्टोबर २०१८ मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा मान घेऊन लागला आणि बेताचा चालला. १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. मधल्या सहा वर्षांत लोकांनी एकमेकांना तो दाखवला, दुसरं काही नाही.

मराठी सिनेमाला मात्र सोमवार दिसायच्या आतच शो कापले जातात. १२ सप्टेंबरला ‘दशावतार’बरोबर ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ही लागले होते. मराठीच्या वाट्याला येणारे मोजके पडदे तिघांत वाटले गेले. मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवावा असा २०१५ मध्ये शासनाने आदेश काढला, तरी सकाळी साडेदहा आणि दुपारी पावणेचार या वेळा मराठीला चिकटलेल्याच आहेत. म्हणून ‘थिएटर रिकामं होतं’ असं कुणी म्हटलं की विचारा: कुठला वार, कुठली वेळ, शहरात किती शो? मंगळवारी सकाळच्या शोला पंधरा माणसं म्हणजे सिनेमा पडला असं होत नाही.

हाउसफुल्लची खातरजमाही घरबसल्या होते. शोच्या दोन तास आधी आणि पुन्हा पाच मिनिटं आधी आसनांचा नकाशा उघडा. लोक खरोखर तिकिटं काढतात तेव्हा मागच्या रांगांचा मधला भाग आधी भरतो, दोन-चारच्या गटाने, मधे एखादी खुर्ची सुटते. मागचं सगळं मोकळं आणि पुढच्या सलग रांगा पूर्ण भरलेल्या दिसल्या, तर कुणीतरी घाऊक आरक्षण केलं असण्याची शक्यता असते. कधी ती शाळेची सहल असते, कधी संस्थेने घेतलेला शो, कधी नुसता आकडा फुगवणं. शेजारच्या तीन थिएटरांत तोच नमुना दिसला तरच शंका घ्यावी.

समीक्षक निवडताना एक साधी चाचणी. तुम्हाला पाठ असलेले पाच सिनेमे घ्या: दोन आवडते, दोन नावडते, एक धड ना इकडचा ना तिकडचा. त्यांची एकाच समीक्षकाने लिहिलेली परीक्षणं वाचा. निकाल जुळतो का हे दुय्यम. कारणं ओळखीची वाटतात का ते बघा. ज्याला संथ दृश्यं कायम खटकतात असा समीक्षक ‘साबर बोंडं’ला ‘रेंगाळणारा’ म्हणाला आणि तुम्हाला रेंगाळणारे सिनेमे आवडत असतील, तर त्याची तक्रार तुमच्यासाठी शिफारसच आहे. स्टार मोजण्यापेक्षा असा कायम एका बाजूला झुकणारा माणूस फार उपयोगी पडतो.

आपलं मत टाकताना चार तपशील जोडावेत: कुठे पाहिला, मूळ भाषेत की डब केलेला, सलग की तुकड्यांत, आणि कुठल्या दृश्यामुळे मत बनलं. ‘द डिसायपल’मधलं गाणं, त्यातला रियाज, तंबोऱ्याखालची शांतता मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून ‘कंटाळवाणा’ म्हणणं हे अर्ध्याच सिनेमावरचं मत आहे. ‘दशावतार’बद्दल बोलताना प्रभावळकरांचा अभिनय आणि पटकथा वेगवेगळी तोलावीत. अभिनय अप्रतिम आहे म्हणून पटकथेचे सांधे आपोआप घट्ट होत नाहीत, आणि सांधे सैल वाटले म्हणून या वयात एका नटाने पेललेलं काम कमी ठरत नाही. दोन्ही वाक्यं एकाच माणसाने एका दमात म्हणायला काहीच हरकत नाही.