गतिवाचक इंग्रजी शब्दांची वही : सहाव्या महिन्याची नोंद

चालणे, पळणे, जाणे, येणे, हलणे अशा अर्थांच्या इंग्रजी शब्दांची कार्डे करण्याचे जे काम मी सहा महिन्यांपूर्वी हाती घेतले, त्यात आता ८४ कार्डे झाली आहेत. प्रत्येक कार्डावर शब्दाचा जुना अर्थ, त्याचे आजचे अर्थ आणि त्या त्या जागी मराठी माणूस सहज वापरील तो शब्द, अशा तीन नोंदी असतात. आतापर्यंत मी कार्डे मूळ धातूंनुसार लावत होते. त्यामुळे शब्दांची कुळे जमली, परंतु अर्थ नेमका कशामुळे सरकला हे उलगडत नव्हते. या महिन्यात सगळी कार्डे पुन्हा काढली आणि शब्द कोणत्या शब्दांच्या सोबतीने वापरला जात होता, त्यानुसार लावून पाहिली.

ही मांडणी सुचली ती ‘फास्ट’मुळे. जुन्या इंग्रजीत फास्ट म्हणजे घट्ट, पक्का, जागचा न हलणारा. कापडाचा रंग फास्ट असतो तो या अर्थाने, गाढ झोपेला फास्ट म्हणतात तेही या अर्थाने. नियम घट्ट धरून राहायचा म्हणून उपवासही फास्ट, आणि तो सोडणे म्हणजे ब्रेकफास्ट. मग न हलणाऱ्या वस्तूचे विशेषण वेगाला कसे लागले? विशेषणाकडे पाहून हे कोडे सुटत नाही, क्रियाविशेषणाकडे पाहावे लागते. फास्ट धरणे म्हणजे घट्ट धरणे, फास्ट झुंजणे म्हणजे नेटाने झुंजणे, तसेच फास्ट पळणे म्हणजे सगळे बळ लावून पळणे. आणि बळ लावून पळणारा अर्थातच वेगाने पळतो. हे लिहिताना ‘गाडी जोरात चालवू नकोस’ हे आपले रोजचे वाक्य आठवले आणि फार आनंद झाला. जोर हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ बळ; तरी हे वाक्य बोलताना आपल्या मनात केवळ वेग असतो. इंग्रजीत जे शतकांपूर्वी घडले, तेच मराठीतही स्वतंत्रपणे घडले आहे.

‘रन’चे कार्ड एकावर मावले नाही, सध्या त्याची ११ कार्डे आहेत. ऑक्सफर्ड कोशाच्या १९८९ च्या २० खंडांच्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती, पण सुधारित नोंदीत ‘रन’ या क्रियापदाचेच ६४५ अर्थ दिले गेले. माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी की, जिथे इंग्रजी पळते तिथे मराठी बहुधा चालते. यंत्र चालते, दुकान चालते, नाटक शंभर प्रयोग चालते. मात्र नाक वाहते, आणि धुताना कापडाचा रंग जातो. निवडणुकीचे उदाहरण मला विशेष आवडते: अमेरिकेत उमेदवार पळतो, ब्रिटनमध्ये उभा राहतो, आणि आपणही उभेच राहतो. ‘करन्सी’ लॅटिनमधील पळण्याच्या धातूपासून आली, तर आपले ‘चलन’ चालण्यापासून; पैसा हातोहात फिरत राहिला पाहिजे ही कल्पना दोन्हीकडे एकच.

‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ हा मुळात ‘वेंड’ म्हणजे वळणे या वेगळ्याच क्रियापदाचा. विद्यार्थ्यांना हे विचित्र वाटते, पण आपले ‘जाणे’ संस्कृत ‘या’ धातूचे आणि ‘गेला’ मात्र ‘गत’पासून, म्हणजे ‘गम्’ धातूचा. त्याहून नवल ‘कम’चे. संस्कृत ‘गो’ आणि इंग्रजी ‘काउ’ जसे एका मुळाचे, तसेच ‘गम्’ आणि ‘कम’; एकाचा अर्थ जाणे झाला, दुसऱ्याचा येणे.

‘वॉक’चा जुना अर्थ लोळणे, घुसळणे. ओले लोकरी कापड तुडवून घट्ट करणाऱ्याला वॉकर म्हणत, आणि ते आडनाव आजही आहे. ‘मूव्हमेंट’ची कार्डे त्यामानाने सोपी गेली: घड्याळातील यंत्र, सिंफनीचा खंड, सैन्याची हालचाल आणि चळवळ. यांतील चळवळीत आपला ‘चळणे’ सरळ दिसतो. ‘मॉब’ हा ‘चंचल जनसमूह’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दजोडीचा सतराव्या शतकात तोडलेला तुकडा आहे, हे मला नव्याने कळले.

पुढील महिन्यासाठी ‘फेअर’ (fare) घेतला आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ प्रवास करणे. आज तो भाडेही आहे आणि जेवणही, शिवाय ‘वेलफेअर’मध्ये आणि ‘फेअरवेल’मध्ये तोच आहे. ‘फेअरवेल’ म्हणजे शब्दशः ‘नीट जा’. त्याच्या कार्डावर मराठी नोंद करताना प्रथम ‘सुखरूप जा’ लिहिले होते; परंतु आपल्याकडे निघणाऱ्याने ‘जाते’ म्हणायचे नसते, म्हणून ते खोडले आणि ‘येते’ लिहिले.