तुम्ही विचारलंत म्हणून: पाण्याच्या टाकीत डिझेल

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत माझं टाक्या बनवायचं वर्कशॉप आहे. त्याआधीची अठरा वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेली. तेव्हाचे सोबती आणि त्यांचे शिडाच्या बोटी बाळगणारे दोस्त अजून फोन करतात, आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "बोटीत पाण्याच्या दोन टाक्या आहेत. लांब जायचंय. एकीत डिझेल भरलं तर चालेल का?" वर्कशॉपमधल्या पोरांना हा प्रश्नच कळत नाही. "काऊन नाही चालनार भाऊ? टाकी तं टाकीच असते."

चालतं. पण टाकी बघितल्याशिवाय मी हो म्हणत नाही. आणि एकदा आत डिझेल गेलं की पिण्याच्या पाण्यासाठी ती टाकी संपली. कितीही साबणाने धुवा, वास आणि चव जात नाही.

शिडाच्या बोटीला एवढं डिझेल कशाला, असंही विचारतात. माझ्या एका जुन्या सोबत्याची छत्तीस फुटी बोट आहे. त्याला चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जायचं होतं, म्हणजे सातशे चाळीस सागरी मैलांच्या आसपास. मार्च-एप्रिलमध्ये बंगालच्या उपसागरात वारा पडतो आणि शिडं नुसती लोंबतात. त्याचं इंजिन पाच नॉटला (तासाला पाच सागरी मैल) तासाला अडीच लिटर पितं, म्हणजे मैलाला अर्धा लिटर. मूळ टाकी १२० लिटरची, त्यात २४० मैल. पाण्याची १५० लिटरची एक टाकी डिझेलला दिली की आणखी ३०० मैल. सगळी वाट इंजिनावर कापायची नसते, तेव्हा एवढं पुष्कळ झालं.

आता टाकी कशाची, ते बघायचं. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेली असेल तर विषय तिथेच संपवा. जस्त डिझेलमध्ये उतरतं, साबणासारखा गाळ होतो आणि तो फिल्टर आणि इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर धरून बसतो. पाण्यासाठीची साधी प्लास्टिकची टाकी डिझेलने फुगते, वास भिंतीतून झिरपतो आणि सगळी केबिन डिझेलने भरून राहते. फायबरची असेल आणि रेझिन कोणतं ते माहीत नसेल, तर मी नाही म्हणतो. स्टेनलेस स्टीलची असेल तर ३१६एल ग्रेडची आहे का ते विचारतो, कारण ३०४ ग्रेडच्या वेल्डिंगपाशी तळातल्या साचलेल्या पाण्याने बारीक भोकं पडतात. माझ्या सोबत्याची टाकी ३१६एलची निघाली, पण आत बॅफल, म्हणजे डिझेलचं हेलकावणं रोखणारे आडोसे, नव्हते. अर्धी रिकामी टाकी लाटेवर कशी धडका देते ते मी जहाजावर ऐकलंय. झाकण कापून आत दोन आडव्या पट्ट्या वेल्ड केल्या.

माझ्या टेबलाशेजारच्या फळीवर एक काचेची बरणी आहे. तिच्यात डिझेल आणि एक काळी रबरी रिंग. पाण्याच्या टाकीच्या झाकणाखाली असते तीच, ईपीडीएम नावाच्या रबराची. कोणी समोर येऊन बसलं की मी ती चिमट्याने काढून झाकणाच्या खाचेत बसवायला देतो. बसत नाही. मऊ पडून फुगलेली असते, एक बाजू दाबली की दुसरी वर येते. टाकी कितीही चांगली असो, झाकणाखाली हीच रिंग राहिली तर डिझेल बाहेर येणारच. नायट्राइल रबरची घाला. नळ्याही पाण्याच्या नकोत, इंधनासाठीच्या, आग सोसणाऱ्याच हव्यात.

व्हेंटमध्ये मात्र मी स्वतः चुकलो आहे. पाण्याच्या टाकीची हवा सोडणारी नळी बऱ्याचदा बोटीच्या आतच, एखाद्या कपाटात उघडते. पाण्यासाठी ते चालून जातं. पहिल्या बोटीत मी ती तशीच राहू दिली. मालकाने टाकी काठोकाठ भरली, दुपारी ऊन चढलं, बोट थोडी कलली आणि डिझेल कपाटातून ठिबकत बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळात उतरलं. घरच्यांना घेऊन निघाले होते, तशीच बोट परत फिरवावी लागली. लहान मुलगी त्या वासाने दिवसभर ओकत होती, आणि मला ते कळलं तेव्हा रात्रभर झोप आली नाही. नागपुरात मे महिन्यात ४५ अंशांत ड्रमची झाकणं सांभाळणारा माणूस मी, मला हे कळायला हवं होतं. डिझेल वीस अंश तापलं की दोनशे लिटरमागे तीन लिटरच्या वर फुगतं. आता व्हेंट बाहेर, उंचावर, वाकवलेल्या मानेचं असल्याशिवाय आणि टाकी पाच टक्के रिकामी ठेवायची हे मालकाला पटल्याशिवाय मी काम घेत नाही.

जोडणी साधी ठेवा. नवी टाकी थेट इंजिनाला देऊ नका. पंप आणि फिल्टरमधून तिचं डिझेल मूळ टाकीत घ्या, म्हणजे इंजिनाची रिटर्न लाइन (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी नळी) आहे तिथेच राहते आणि चुकीच्या टाकीत जाऊन ती ओसंडत नाही. भरण्यापूर्वी टाकी आतून कोरडी ठक्क करा. तळाशी थोडं जरी पाणी राहिलं तरी पाणी आणि डिझेलच्या सीमेवर बुरशी धरते, काळा चिकट थर होतो. लाटांनी तो ढवळला की फिल्टर नेमका नको त्या वेळी चोंदतो. डेकवरचं 'पाणी' लिहिलेलं बूचही त्याच दिवशी बदला.

एकाच फेरीसाठी एवढं करू नका, असं मी मनापासून सांगतो. वीस लिटरचे चांगले जेरीकॅन घ्या, घट्ट बांधा, समुद्र शांत असताना ओता. दरवर्षी लांब जाणाऱ्यानेच टाकी बदलावी.

फोनवर मी पहिला प्रश्न डिझेलचा विचारतच नाही. माणशी रोज तीन-चार लिटर पिण्याचं पाणी, वर अडकलात तर आठवडाभराचं जास्तीचं, हे दुसऱ्या टाकीत मावतं का? सोबत्याने बोटीवरची माणसं मोजली, चार निघाली. मधली टाकी पाण्यालाच ठेवली, नाळेकडची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, डिझेलला दिली. त्याआधी पोर्ट ब्लेअरपर्यंतचे दिवस त्याने माझ्यासमोर कागदावर दोनदा मांडले.